साडूला अडवण्याचं कलम

शेजारी आपल्यापुढे गेला तर माणूस घर बदलू शकतो. ऑफिसातला सहकारी पुढे गेला तर त्यानं साहेबांचे पाय चेपले असणार असं म्हणून रात्री शांत झोपू शकतो. पण साडू पुढे गेला तर माणसानं करायचं काय? साडू बदलता येत नाही. तो बायकोच्या बहिणीबरोबर कायमचा आलेला असतो. त्याची नवी गाडी, त्याच्या मुलीचे मार्क आणि त्याच्या स्वयंपाकघरातली नवी कपाटं आपल्याच जेवणाच्या टेबलावर, आपल्याच सासूच्या हातून, घासाघासाला वाढली जातात. आणि वर आपण म्हणायचं असतं, ‘वा, छान झालं.’

आमचे सेक्रेटरी या दुखण्याचे जुने रोगी. सेक्रेटरी म्हणजे टेबल टेनिस क्लबाचे सेक्रेटरी. पोटापाण्यासाठी ते विमा कंपनीत दावे तपासायचं काम करत. लोकांनी नुकसानभरपाई मागायची आणि ती का देता येत नाही हे यांनी शोधून काढायचं. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण ऑफिसात त्यांना कुणी सेक्रेटरी म्हणत नसे, आणि क्लबात म्हणत, म्हणून त्यांचा सगळा जीव क्लबात. खिडकीजवळचं पहिलं टेबल संध्याकाळी त्यांच्यासाठी मोकळं ठेवलं जाई. आयुष्यात दुसरीकडे कुठेच त्यांच्यासाठी काही मोकळं ठेवलं जात नव्हतं.

साडू दंतवैद्य. अख्खं गाव त्यांना डॉक्टर म्हणे, आणि सेक्रेटरींनाही तसंच म्हणावं लागे. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलत राहायची त्यांना धंद्यामुळे सवय लागलेली. दात त्यांचे स्वतःचेच असे की हसले की समोरच्याला आपले मिटून घ्यावेसे वाटत. आणि हे डॉक्टर त्याच सभागृहात, पलीकडच्या बाजूला, बॅडमिंटन क्लबाचे सेक्रेटरी होते. एवढ्या मोठ्या जगात त्यांना दुसरं सभागृह मिळालं नव्हतं.

या जखमेवर मीठ चोळायचं काम सासूबाईंकडे होतं. त्या एक महिना थोरल्या लेकीकडे, म्हणजे सेक्रेटरींकडे, आणि एक महिना धाकटीकडे राहत. सेक्रेटरींकडे आल्या की पहिल्याच जेवणाला सुरुवात होई. “धाकट्या जावयांचं एक आहे हो, जेवून उठले की आपलं ताट आपण उचलतात.” दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी मुकाट्यानं ताट उचललं. सासूबाई कौतुकानं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “धाकटे घासूनही ठेवतात.”

सेक्रेटरींच्या बायकोला यात काही वावगं दिसत नसे. “अहो, आई सहज बोलते,” ती म्हणे. सहज. माणूस सहज बोलतो आणि ऐकणाऱ्याच्या पोटात रात्रभर दुखतं, त्याला औषध नाही.

आता सभागृहाचं सांगायला हवं. सभागृह नगरपालिकेचं, आणि त्यात चार क्लब. इकडे टेबल टेनिस, तिकडे बॅडमिंटन, स्टेजवर बुद्धिबळ आणि मागच्या भिंतीला वेटलिफ्टिंग. चौघांचा कारभार चार दिशांना. पंखे लावले की बॅडमिंटनचं फूल उडून बुद्धिबळाच्या पटावर पडे. बंद केले की बुद्धिबळवाले घामाघूम होऊन उगाच वजीर गमावत. वेटलिफ्टिंगचे उस्ताद, पेशानं बेकरीवाले आणि स्वभावानं लोण्यासारखे, वजन खाली ठेवत तेव्हा जमीन अशी हादरे की बुद्धिबळाच्या मास्तरांचा राजा आडवा पडे. बुद्धिबळात राजा आडवा पडणं म्हणजे हार मानणं. मास्तर जिंकत आलेले कितीतरी डाव उस्तादांमुळे हरले होते, आणि समोरच्या खेळाडूंनी ते विजय परत दिले नव्हते.

प्रत्येक क्लब नगरपालिकेकडे दुसऱ्या तिघांची तक्रार करी. शेवटी नगरपालिकेच्या क्रीडा अधिकारी बाई एक दिवस स्वतः आल्या. त्यांनी सभागृहाच्या मधोमध उभं राहून सांगितलं, “तुम्ही चौघं मिळून एक संयुक्त मंडळ करा. एक नियमावली, एक अध्यक्ष. यापुढे मी एकाच माणसाशी बोलेन. जमत नसेल तर तसं सांगा. फर्निचरच्या प्रदर्शनवाल्यांना वर्षभरासाठी हीच जागा हवी आहे, आणि खुर्च्या आपसात भांडत नाहीत.”

चारही क्लबांची पहिली एकत्र सभा झाली. डॉक्टर उठले. येताना ते पांढरा फळा घेऊन आले होते. त्यावर त्यांनी चार गोल काढले आणि मधे एक पाचवा गोल काढून चौघांना त्यात थोडं थोडं घुसवलं. “सहकार्यानं कारभार,” ते म्हणाले. “कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. सगळ्यांनी मिळून ठरवायचं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. उस्तादांना तर भरूनच आलं. मास्तर कधी कशावर मत देत नसत, विचार करतो म्हणत. तेसुद्धा म्हणाले, “विचार करण्यासारखं आहे.”

सेक्रेटरी त्या पाचव्या गोलाकडे बघत बसले. त्यांना त्यात डॉक्टर बसलेले स्पष्ट दिसत होते. खुर्ची, खुर्चीमागे फलक, फलकावर नाव. मग सासूबाईंचं पुढचं वर्षभराचं बोलणं त्यांच्या कानात वाजायला लागलं. ‘धाकटे जावई अध्यक्ष झाले हो. सगळे खेळ त्यांच्या हाताखाली आले.’ सगळे म्हणजे टेबल टेनिससुद्धा. उद्या पहिल्या टेबलाची जाळी सैल झाली तर साडूपुढे उभं राहून परवानगी मागायची. त्या क्षणी सेक्रेटरींनी मनाशी ठरवलं की ती खुर्ची आपल्याला मिळालीच पाहिजे. टेबल टेनिसचं भलं व्हावं, सभागृह टिकावं वगैरे नंतर बघू. एकदा, आयुष्यात एकदाच, सासूबाईंनी धाकट्या लेकीकडे जेवायला बसून ‘थोरले जावई अध्यक्ष झाले’ असं म्हणावं, आणि डॉक्टरांचा घास तिथेच अडकावा. एवढंच त्यांना हवं होतं.

घरी येऊन त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती सगळ्या इमारतीला माहीत होती.

समोरच्या दारातल्या पोस्टमास्तरीण बाई म्हणाल्या, “तुम्ही फार सरळ आहात. सरळ माणसानं निवडणुकीच्या भानगडीत पडू नये.” तळमजल्यावरचे होमिओपॅथ म्हणाले की मत्सरावर त्यांच्याकडे फार छान गोळ्या आहेत. “मला कुठे मत्सर आहे?” सेक्रेटरी म्हणाले. “तसं वाटणं हेच लक्षण,” असं म्हणून त्यांनी पुडी हातात ठेवली. कामाचा सल्ला मिळाला तो वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडून. वकिलांनी आजवर एकही खटला जिंकलेला नव्हता, पण पुढे ढकललेले मोजायचे तर त्यांच्यासारखा वकील नाही.

“समोर उभे राहिलात तर पडाल,” वकील चहाचा कप फिरवत म्हणाले. “त्यांचं हसणं बघून लोक मत देतात. तुमचं हसणं मी पाहिलंय. तुम्ही नियमावली लिहा. त्यात असं कलम घाला की तुमचे साडू उभेच राहू शकणार नाहीत.”

“म्हणजे दंतवैद्य चालणार नाही असं?”

“एवढं उघड नाही हो. असं लिहा की अध्यक्ष तटस्थ हवा. कुठल्याही खेळाच्या क्लबाचा सभासद नको. कोण नाही म्हणेल? तटस्थ शब्द ऐकला की लोक उठून उभे राहतात.”

सेक्रेटरींना हे एकदम पटलं. दावे नाकारण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना एका साडूला नाकारणं अवघड नव्हतं. नियमावली लिहायचं काम त्यांनी आपण होऊन मागून घेतलं आणि रविवारभर दार लावून बसले. तीन कलमांवर त्यांनी जीव ओतला. एक, अध्यक्ष तटस्थ असावा. दोन, कुठलाही निर्णय चारही क्लबांच्या एकमतानं व्हावा, म्हणजे डॉक्टर कुणालातरी हाताशी धरून बहुमत करतील ही भीती नको. आणि तीन, एकमत न झाल्यास जैसे थे. हे तिसरं कलम त्यांचं लाडकं होतं. विमा कंपनीत ते त्याच तत्त्वावर जगत.

चौघांच्या सभेत नियमावली वाचून दाखवली तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या कुणी वाजवल्या असतील? डॉक्टरांनी. “दादा, काय लिहिलंय,” ते म्हणाले. थोरला साडू म्हणून ते सेक्रेटरींना दादा म्हणत, आणि तेही इतक्या आदरानं की राग धरायला जागा उरत नसे. “मला जन्मात सुचलं नसतं. विशेषतः तटस्थपणाचं कलम.” सेक्रेटरींनी त्यांच्या चेहऱ्यावर निराशा शोधली. तिथे नुसते दात होते. ज्याला खड्डा खणला तोच खड्ड्याची तारीफ करायला लागला की खणणाऱ्याची सगळी मजा जाते.

नियमावली लागू झाली आणि सभागृहात होती तेवढी एकच ट्यूबलाइट गेली. कपाटात नवीन नळी पडून होती. पूर्वी कुणीतरी स्टुलावर चढून बसवली असती, पण आता निर्णय एकमतानं व्हायचा. बॅडमिंटनवाले म्हणाले, नळी बरोबर आमच्या डोक्यावर आहे, उजेड डोळ्यात येतो, थोडी सरकवून लावा. टेबल टेनिसवाले म्हणाले, सरकवली तर आमच्या टेबलावर सावली पडेल. उस्तादांचं म्हणणं एवढंच की स्टूल त्यांच्या वजनानं मोडेल, त्यांना चढायला लावू नका. मास्तर विचार करत होते. एकमत झालं नाही, म्हणून जैसे थे. म्हणजे अंधार. अंधारात बॅडमिंटनचं फूल दिसेना, टेबल टेनिसचा चेंडू दिसेना, आणि काळी सोंगटी कुठली आणि पांढरी कुठली यावरून स्टेजवर हमरीतुमरी झाली. घोंगडं असं भिजत पडलं. येणारा-जाणारा विचारी, “हे कलम कुणी घातलं?” आणि सेक्रेटरी बुटाची नाडी बांधायला खाली वाकत. त्या दिवसांत त्यांची नाडी फार सुटायची.

पण त्यांचं लक्ष ट्यूबलाइटकडे नव्हतंच. त्यांचा बेत वेगळा होता. अध्यक्ष कुठल्याच खेळाचा नको ना? मग निवडणुकीच्या आदल्या दिवशी आपण टेबल टेनिस क्लबाचा राजीनामा द्यायचा. एका सहीत माणूस तटस्थ होतो. सगळ्या गावात खेळांची जाण असलेला, नियमावली पाठ असलेला आणि तरीही कुठल्याच क्लबाचा नसलेला एकच माणूस उरेल. हे इतकं सोपं होतं की आपल्याशिवाय कुणाला सुचणं शक्य नाही, याची सेक्रेटरींना खात्री होती.

राजीनामा द्यायला गेले तेव्हा त्यांनी एक छोटंसं भाषण तयार ठेवलं होतं. क्लबाचे लोक आग्रह करतील, कुणीतरी हात धरेल, मग आपण जड अंतःकरणानं म्हणायचं की मोठ्या कामासाठी लहान सुखावर पाणी सोडावं लागतं. प्रत्यक्षात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या, क्लबातल्या सगळ्यांत चपळ खेळाडू असलेल्या बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “बरं.” बरं. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर दोन अक्षरं आणि एक टिंब. मग त्यांनी कपाटाची किल्ली मागून घेतली, आणि निघता निघता सेक्रेटरींच्या कानावर पडलं, “चला, पहिलं टेबल मोकळं झालं.” नवीन सेक्रेटरी म्हणून बाईंची निवड चहा थंड व्हायच्या आत झाली. सेक्रेटरी, म्हणजे आता माजी, पण सवय जात नाही म्हणून आपण सेक्रेटरीच म्हणू, रस्ताभर स्वतःला समजावत गेले की अध्यक्षाला टेबल लागत नाही, खुर्ची लागते.

निवडणुकीचा दिवस नेमका सासूबाईंच्या मुक्काम बदलाचा निघाला. थोरलीकडचा महिना संपला होता. सभा झाली की डॉक्टरांनी त्यांना परस्पर आपल्या घरी न्यायचं ठरलं. म्हणून सेक्रेटरी एका हातात सासूबाईंची बॅग आणि दुसऱ्या हातात नियमावली घेऊन सभागृहात शिरले. मनातून त्यांना बरंच वाटत होतं. निकाल सासूबाईंच्या डोळ्यांदेखत लागणार होता, आणि तिथून त्या थेट डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलावर जाणार होत्या. याहून चांगली बातमीदार मिळाली नसती. त्यांनी सासूबाईंना उस्तादांच्या वजनांशेजारच्या बाकावर बसवलं. त्या शाल पांघरून डोळे मिटून बसल्या.

क्रीडा अधिकारी बाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “आज नाव ठरलं नाही तर उद्यापासून इथे सोफे येतील,” त्या म्हणाल्या. “अध्यक्षपदासाठी कोण?”

सेक्रेटरी उठले. “मी,” ते म्हणाले. “कालच राजीनामा दिलाय. आता मी कुठल्याही खेळाचा नाही.”

“मीही नाही,” शेजारून आवाज आला. डॉक्टरही उठून उभे होते. “मीपण कालच दिला.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सेक्रेटरींच्या तोंडचं पाणी पळालं. “तुम्हाला कसं सुचलं?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“तुम्ही कलम वाचलंत तेव्हाच, दादा,” डॉक्टर म्हणाले. “म्हटलं, तुम्ही असं कलम घालताय म्हणजे तुम्ही राजीनामा देणार. मग मी मागे कसा राहू?”

आता मतं. बॅडमिंटन क्लबाचे नवे सेक्रेटरी, औषधांच्या दुकानाचे मालक, म्हणाले, “थोरल्या साहेबांना आमचा नकार. कालपर्यंत टेबल टेनिसचे होते, एका रात्रीत तटस्थ कसे?” भौतिकशास्त्राच्या बाई म्हणाल्या, “त्याच कारणानं डॉक्टरांना आमचा नकार.” इथवर सेक्रेटरी समजू शकत होते. पण बाई पुढे म्हणाल्या, “आणि आमच्या माजी सेक्रेटरींनाही नकार. ते अध्यक्ष झाले तर रोज पाहणीला म्हणून पहिल्या टेबलापाशीच उभे राहतील.” औषधवाले म्हणाले, “आमचीही डॉक्टरांबद्दल हीच अडचण आहे. ते खेळू देत नाहीत, शिकवतात.”

उस्तादांना दोघांनाही नाही म्हणवेना, म्हणून ते दोघांनाही हो म्हणत होते. मास्तर विचार करत होते. ज्यांच्यासाठी रक्त आटवलं त्यांनीच भर सभेत खो घातला, आणि तोही सासूसमोर. सेक्रेटरींना आपले कान गरम झालेले जाणवत होते. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की डॉक्टरांचेही लाल झाले होते.

“एकमत नाही,” अधिकारी बाई नियमावली चाळत म्हणाल्या. “कलम तीन, जैसे थे. म्हणजे अध्यक्ष नाही. म्हणजे सोफे.” आणि त्या घड्याळ पर्समध्ये टाकायला लागल्या.

तेवढ्यात खट्‌ खट्‌ आवाज झाला आणि दोन पंखे थांबले. सासूबाई भिंतीशी उभ्या होत्या. “मला गार वारा बाधतो,” त्या म्हणाल्या. “तो स्टेजवरचा राहू दे, ती माणसं घामेजलीत.” बॅडमिंटनच्या फुलाला वारा लागेनासा झाला, बुद्धिबळवाल्यांचा घाम सुकला. वर्षानुवर्षांचं भांडण मिटलं आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मग त्या उस्तादांकडे वळल्या. “बाळ, तू ते आपटतोस त्याच्याखाली काहीतरी मऊ घाल की. म्हातारीचं काळीज आहे माझं.” उस्तादांना आयुष्यात प्रथमच कुणी बाळ म्हटलं असावं. त्यांनी धावत जाऊन कोपऱ्यातली व्यायामाची गादी आणून वजनाखाली घातली.

“आणि ती नळी का बंद आहे?” सासूबाईंनी वर बघत विचारलं.

औषधवाले म्हणाले, “एकमत झालं नाही, आजी.”

“मग अंधारात बसायचं एकमत झालंय का?”

भौतिकशास्त्राच्या बाईंनी कपाटातून नळी काढली, औषधवाल्यांनी स्टूल धरलं. उजेड पडला. तो कुणाच्या डोळ्यात गेला नाही आणि कुणाच्या टेबलावर सावली पडली नाही, निदान तसं म्हणायचं धाडस कुणी केलं नाही.

तेव्हा मास्तर बोलले. त्यांचा विचार करून झाला होता. “या कुठल्या खेळाच्या?”

“मी कसली खेळाची,” सासूबाई म्हणाल्या. “दोन लेकींच्या दोन घरांत राहते, तेवढ्यानंच दम लागतो.”

मास्तरांनी हात वर केला. मग उस्तादांनी केला, तो पार ट्यूबलाइटपर्यंत पोचला. मग भौतिकशास्त्राच्या बाईंनी, मग औषधवाल्यांनी. नाही म्हणायची ज्यांना इच्छा झाली असती त्या दोघांना आता मतच नव्हतं. आणि असतं तरी जावयानं भर सभेत सासूला नकार द्यायला वेगळी छाती लागते. ती दोघांपैकी एकाकडेही नव्हती.

“अभिनंदन,” अधिकारी बाई म्हणाल्या आणि अध्यक्षांना खुर्ची दिली. मग त्यांनी नियमावलीतलं आणखी एक कलम वाचलं, सेक्रेटरींनी रविवारी शेवटी शेवटी, केवळ हौसेपोटी घातलेलं. मंडळाच्या कामकाजाच्या वेळी सभासदाखेरीज कुणीही आत थांबू नये. त्यांनी दोन्ही माजी सेक्रेटरींकडे पाहिलं. उस्तादांनी फार हळुवारपणे दार लावून घेतलं.

दोन साडू पायरीवर बसले. मधे सासूबाईंची बॅग. आतून चेंडूचा टक टक आवाज येत होता, म्हणजे कामकाज संपून खेळ सुरूही झाला होता. सेक्रेटरींनी आवाजावरून ओळखलं, पहिलं टेबल. खुर्ची गेली तर गेली, पण ते टेबल त्यांचं होतं, आणि ते आपण आपल्या हातानं, आपल्याच सहीनं, केवळ या माणसावर जळून घालवलं.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “तुम्हाला काय कमी होतं हो? गाडी आहे, दवाखाना आहे, घरात कौतुक आहे. हीसुद्धा खुर्ची कशाला हवी होती तुम्हाला?”

“कौतुक?” डॉक्टर म्हणाले. आज प्रथमच ते दात न दाखवता बोलत होते. “दादा, आमच्याकडे महिनाभर फक्त तुमचं कौतुक चालतं. थोरले जावई बघा, किती शांत. थोरले जावई कधी आवाज चढवत नाहीत. थोरल्यांनी नियमावली लिहिली, अक्षर काय मोत्यासारखं. मी ताट घासायला लागलो ते कशामुळे वाटतं तुम्हाला? त्या म्हणाल्या, थोरले जावई ताट आपण उचलतात.”

सेक्रेटरी बघत राहिले. “मी तर त्यांनी तुमचं सांगितलं म्हणून उचलायला लागलो.”

मग सुरुवात कुणाच्या ताटापासून झाली याचा शोध घ्यायचा दोघांनी बराच प्रयत्न केला. धागा लागेना. एवढं मात्र उघड झालं की ज्या घरात राहायचं त्या घरात दुसऱ्या जावयाची स्तुती करायची, हा सासूबाईंचा जुना कारभार होता. त्यावर दोन्ही घरं सुरळीत चालली होती, दोन्हीकडची ताटं घासली जात होती, आणि दोन जावई वर्षानुवर्षं आतल्या आत जळत होते. संयुक्त मंडळ चालवायला चार क्लबांनी माणूस बरोबर निवडला होता.

माणसाला यावर राग यायला हवा. सेक्रेटरींना आला नाही. त्यांच्या मनात एकच गोष्ट उड्या मारायला लागली. साडू माझ्यावर जळतो. गाडीवाला, दवाखानेवाला, दातवाला साडू माझ्यावर, विमा कंपनीतल्या कारकुनावर, जळतो. याहून मोठी खुर्ची नव्हती. आणि मग पुढचा विचार आला. सासूबाई आज धाकटीकडे जाणार. म्हणजे पुढचा महिनाभर तिथे, रोज, दोन्ही वेळच्या जेवणाला, माझं कौतुक.

दार उघडलं आणि अध्यक्ष बाहेर आल्या. सेक्रेटरींनी झटकन बॅग उचलली आणि डॉक्टरांच्या गाडीकडे निघाले. “या, या सासूबाई. डॉक्टरांकडे या वेळी चांगल्या निवांत राहा. दोन महिने राहा. आमची काळजी करू नका.”

डॉक्टरांच्या डोक्यातही तोच हिशेब झाला होता. त्यांनी बॅगेचा दुसरा बंद धरला. “छे छे, दादा. हवा बदलतेय, आमच्याकडे वरचा मजला, जिने. तुमच्याकडेच राहू देत त्यांना. माझी काही हरकत नाही.”

“माझी आहे.”

“माझीही आहे.”

बॅग दोघांच्या मधे ताणली गेली. सासूबाई पायरीवर उभ्या राहून शांतपणे बघत होत्या. त्यांनी एका जावयाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. त्यांना काय ते कळलं असावं, कारण त्या किंचित हसल्या.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “तुमच्या नियमावलीत काय लिहिलंय? एकमत नसलं तर काय करायचं?”

डॉक्टरांनी बंद सोडून दिला आणि सगळे दात दाखवत उत्तर दिलं. “जैसे थे.”

तेव्हा सासूबाई जिथून आल्या होत्या तिथेच परत गेल्या. सेक्रेटरी बॅग उचलून मागे मागे चालत राहिले. घरी बायकोनं दार उघडलं, आईला बघून तिला आनंद झाला. तिनं काय झालं ते विचारलं नाही, ताटं घेतली. सेक्रेटरी जेवायला बसले. आता आपल्याला सगळं गुपित ठाऊक आहे, हे नुसतं धोरण आहे, यातलं एक अक्षरही मनाला लावून घ्यायचं नाही, असं त्यांनी पहिल्या घासाबरोबर स्वतःला बजावलं.

सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला. “धाकट्या जावयांचा मोठेपणा बघा हो,” त्या लेकीला म्हणाल्या. “हक्काचा महिना होता त्यांचा. सोडून दिला.”

सेक्रेटरींनी मान खाली घातली. सगळं ठाऊक होतं, तरी पोटात नेहमीच्याच जागी दुखायला लागलं. जेवण आटोपून ते उठले, ताट उचललं, घासलं, आणि मग कुणी न सांगता पुसूनही ठेवलं.